मोळी उचलणारा श्याम आणि पंढरपूरचं उपोषण

'श्यामची आई'मधली ती म्हातारी आठवतेय? डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडलेली, पण ती 'अस्पृश्य', म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. घरी आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते.

हा श्याम म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातल्या पालगडचा. १९१७ मध्ये आई गेली. पुढे अमळनेरच्या शाळेत शिकवताना वसतिगृहातल्या मुलांची त्यांनी आईच्या मायेनं काळजी घेतली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी लिहून काढल्या, अवघ्या पाच दिवसांत.

पण गोष्ट पुस्तकापाशी थांबली नाही. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने गावोगावी फिरून त्यांनी लोकांची मनं वळवली होती. अखेर मंदिराची दारं उघडली.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. आईनं मोळी उचलायला शिकवलं, पण शिवाशिवीचा विटाळ तिच्याही मनातून सुटला नव्हता. मुलगा तिच्याच शिकवणीवर चालत त्या विटाळापलीकडे गेला.