आपल्याच केसचा न्यायाधीश

न्यूटन म्हटलं की सगळ्यांना सफरचंद आठवतं, नाहीतर एफ इज इक्वल टू एमए. मला एम-वनचा अभ्यास करताना त्याची भांडणं जास्त इंटरेस्टिंग वाटली. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

१६४२ च्या नाताळात तो जन्मला तेव्हा वडील वारलेले होते. तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि ह्याला आजीकडे ठेवून ती निघून गेली. १६६२ मध्ये, केंब्रिजला असताना, त्याने स्वतःच्या पापांची यादी लिहिली. आईला आणि सावत्र बापाला घरासकट जाळायची धमकी दिली होती, हेही त्यात आहे. मला वाटतं, आपलं आहे ते कोणीतरी काढून नेणार ही भीती तिथूनच त्याच्या मनात बसली असावी.

१६७२ मध्ये त्याच्या रंगांवरच्या पेपरवर रॉबर्ट हूकने टीका केली (हूक्स लॉ वाला हाच). ती त्याला कायमची लागली. पुढे गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचं थोडं श्रेय हूकने मागितलं, तर 'प्रिन्सिपिया'चा तिसरा भाग छापायलाच देत नाही म्हणून न्यूटन अडून बसला. बिचारा हॅली! पुस्तकाचा खर्चही त्याचाच आणि समजूतही त्यानेच काढायची. शेवटी १६८७ मध्ये पुस्तक आलं. 'ऑप्टिक्स' मात्र १७०४ मध्ये, हूक गेल्यानंतरच्या वर्षी.

खरी कमाल लायब्निझच्या बाबतीत झाली. कॅल्क्युलस न्यूटनने १६६५-६६ च्या सुमारास, प्लेगमुळे केंब्रिज बंद होतं तेव्हा शोधलं, पण छापलं नाही. जर्मनीच्या लायब्निझने ते स्वतंत्रपणे शोधून १६८४ मध्ये छापलं. आज इतिहासकार दोघांनाही श्रेय देतात. पण तेव्हा चोरीचा आरोप झाला, लायब्निझने रॉयल सोसायटीकडे दाद मागितली आणि १७१२ मध्ये समिती बसली. सोसायटीचा अध्यक्ष कोण? न्यूटन. लायब्निझची बाजू कोणी ऐकलीच नाही. रिपोर्ट न्यूटननेच लिहिला. तो छापून आल्यावर १७१५ मध्ये त्याचं निनावी परीक्षणही त्यानेच लिहिलं! म्हणजे व्हायवाला एक्स्टर्नल आपणच, इंटर्नल आपणच, आणि मार्कलिस्टवर सहीसुद्धा आपलीच.

तरी तो मला लबाड वाटत नाही. आपल्यावर अन्याय होतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. ज्याने आधी शोधलं त्याचंच सगळं, दुसऱ्याचा हक्क शून्य, हा त्याचा हिशोब. मग समोरचा चोरच दिसणार ना?

लायब्निझ १७१६ मध्ये गेला, न्यूटन १७२७ मध्ये. भांडण मात्र चालूच राहिलं. न्यूटनच्या अभिमानापायी इंग्रज गणिती जवळजवळ शंभर वर्षं त्याच्या टिंबांनाच चिकटून राहिले आणि युरोप पुढे गेला. १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी लायब्निझची पद्धत आणण्यासाठी मंडळ काढलं. त्यांत आपला कॉम्प्युटरवाला बॅबेजही होता. एम-वनच्या पेपरात आपण डीवाय बाय डीएक्स लिहितो, ते लायब्निझचं. न्यूटनचं टिंब मेकॅनिक्सच्या वहीत, एक्सच्या डोक्यावर बसलेलं सापडतं.