दारातून वाहणारं रक्त

एखाद्या बंद दाराखालून रक्त वाहताना दिसलं, तर आपण थांबतो, की चप्पल जपत पुढे जातो? आना मेंदिएता या तरुणीनं हा प्रश्न १९७३ साली अमेरिकेतल्या आयोवा सिटीत चक्क फुटपाथवर मांडला.

आना १९४८ साली क्युबात, हवानामध्ये जन्मली. क्रांतीनंतर तिथल्या १४ हजारांवर मुलांना आईबापांनी एकटंच अमेरिकेत धाडलं. १९६१ मध्ये १२ वर्षांची आना आणि तिची थोरली बहीण अशाच निघाल्या. आयोवातले अनाथाश्रम आणि परक्यांची घरं त्यांच्या नशिबी आली. आई पाच वर्षांनी आली. तुरुंगवास भोगलेले वडील थेट १९७९ मध्ये.

आयोवा विद्यापीठात आना कला शिकत असताना तिथल्या एका विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. आनानं आपल्या इमारतीच्या दाराशी जनावराचं रक्त आणि मांस टाकलं आणि लांबून चित्रण केलं. माणसं आली, त्यांनी पाहिलं आणि ती चालू लागली. शेवटी एकानं ती घाण तेवढी उचलून टाकली.

माझी हयात बँकेत गेली. वारलेल्या नवऱ्याचं खातं बंद करायला आलेली बाई काउंटरवर रडू लागली, की मागची रांग घड्याळाकडे पाही. रांगेतली माणसं दुष्ट नसत, घाईत असत. आनाच्या फिल्ममधली माणसंही मला तशीच वाटतात, आणि म्हणूनच ती फिल्म अस्वस्थ करते.

पुढे आनानं स्वतःच्या देहाचा आकार माती, चिखल, फुलं यांतून उमटवला. ऊनपाऊस तो पुसून टाकी. १९८० मध्ये न्यूयॉर्कला उपेक्षित स्त्री-कलावंतांचं प्रदर्शन भरवताना अलीगढची झरीना हाशमी तिच्या सोबत होती. त्याच वर्षी आना क्युबाला जाऊन आली. १९८१ मध्ये हारुकोच्या चुनखडीच्या खडकांत तिनं स्त्री-आकृती कोरल्या. सुटलेल्या मातीशी पुन्हा जुळलेलं ते नातं होतं.

८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या घरातून, ३४व्या मजल्यावरून पडून ती गेली. वय अवघं ३६. शिल्पकार पतीवर खटला चालला. १९८८ मध्ये तो निर्दोष सुटला.

ही कसली कला, असं घरातल्या मुलांनी विचारलं, तर त्यांना ही हकिगत जरूर सांगावी. मग एवढंच विचारावं: तुम्ही ते दार ठोठावलं असतंत का?