देवघरातले रविवर्मा, बडोद्यातले रविवर्मा

सुट्टीत बडोद्याला जाणारे आपल्याकडचे बरेच जण लक्ष्मीविलास राजवाडा बघतात, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मुलांना ममी आणि व्हेल माशाचा सांगाडा दाखवतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. राजवाड्याच्याच आवारात आणखी एक इमारत आहे. राजघराण्यातल्या मुलांची शाळा म्हणून ती बांधली होती. आज तिथे महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे आणि राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं एका जागी एवढ्या संख्येने बघायला मिळतील अशा देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक. ज्याला चित्रातलं काही कळत नाही असं वाटतं, त्यानेही इथे दोन तास काढावेत. कारण रविवर्मा आपल्याला माहीत असतात ते देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीमुळे, आणि ती त्यांची चित्रं नव्हेत. ती त्यांच्या चित्रांची छापील रूपं. या दोहोंमधल्या अंतरातच या माणसाचं सगळं यश आणि सगळं नुकसान आहे.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. घराणं राजघराण्याच्या सोयरिकीतलं. मामा राजा राजवर्मा स्वतः चित्रं काढायचे. भाच्याचा हात बघून त्यांनीच त्याला सुरुवातीचे धडे दिले आणि चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यापुढे नेऊन उभं केलं. दरबारात रहायला मिळालं, पण तैलरंग शिकवायला कुणी तयार नव्हतं. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी आपली विद्या हातची राखली, असं सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांचं व्यक्तिचित्र करायला आला. त्यानेही या तरुणाला फक्त काम करताना बघायची मुभा दिली. रविवर्मांनी बघून बघून जे उचललं ते उचललं, बाकीचं चुका करत शिकले. पुढे आयुष्यभर ते युरोपला गेले नाहीत.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं आणि व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही कौतुक झालं. तीन वर्षांनी कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासच्या गव्हर्नरनेच विकत घेतली. इथवर सगळं सुरळीत. मग १८८० मध्ये आश्रयदाते महाराज वारले आणि नव्या महाराजांशी रविवर्मांचं जमेना. तिशी उलटलेला, नाव झालेला चित्रकार आपल्याच गावात उपरा ठरला.

इथे एक मराठी माणूस उपयोगी पडला. सर टी. माधवराव. तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून बडोद्याचे. त्रावणकोरात असताना त्यांनी रविवर्मांचं काम बघितलेलं होतं. सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळण्याचा समारंभ डिसेंबर १८८१ मध्ये झाला, तेव्हा रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा बडोद्याला आले आणि काही महिने राहून राजघराण्यातल्या लोकांची व्यक्तिचित्रं त्यांनी केली. या भावाबद्दल फार कमी बोललं जातं. तो स्वतः उत्तम चित्रकार होता. डोंगर, आकाश, झाडं ही बाजू त्याची. शिवाय पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची व्यवस्था आणि डायरी लिहिणं हेही त्याचंच.

खरं मोठं काम आलं १८८८ मध्ये. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी पुराणकथांवरची चौदा चित्रं. मोबदला ५०,००० रुपये, त्या काळात! पण प्रश्न वेगळाच होता. शंतनू, सुभद्रा, दमयंती यांना नेसवायचं काय? केरळात एक पद्धत, बंगालात दुसरी, गुजरातेत तिसरी. सगळ्या देशाला आपली वाटेल अशी द्रौपदी काढायची कशी? दोघे भाऊ उत्तरेत प्रवासाला निघाले, देवळं, बाजार, माणसं, दागिने बघत फिरले. शेवटी उत्तर सापडलं ते साडीत, आणि बऱ्याचदा आपल्या नऊवारीच्या चोपात. आज पुराणातली कुठलीही स्त्री डोळ्यांपुढे आणली की ती साडीतच येते, याचं मोठं कारण हा प्रवास आहे.

चित्रं १८९० पर्यंत तयार झाली. बडोद्यात ती काही दिवस सर्वांसाठी खुली ठेवली तेव्हा लोटच्या लोट लोक आले. ज्यांना राजवाड्याच्या आत पाऊल टाकायला मिळालं नसतं, त्यांनी ती बघितली.

म्युझियममध्ये विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, कंस आणि माया, अर्जुन-सुभद्रा बघताना घाई करू नका. आधी लांबून बघा, मग जवळ जा. छापील चित्रात जो गुळगुळीत गुलाबी चेहरा दिसतो, तो इथे नाही. कातडीचा रंग गालावर वेगळा, मानेवर वेगळा, कोपराच्या सावलीत जवळजवळ तपकिरी. जरीचा काठ लांबून लखलखतो आणि जवळ गेलं की पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे चार फटकारे उरतात. भूमीत जाणाऱ्या सीतेचं चित्रही इथेच आहे. धरणीमाता सीतेला कवेत घेऊन खाली चालली आहे आणि रामाला काही करता येत नाही. आपल्याला सिंहासनावरचा राम बघायची सवय, हा राम बघून जरा थबकायला होतं. माझ्या मते रविवर्मांचं खरं बळ देवांच्या रूपात नाही, अशा कोंडीत सापडलेल्या माणसांत आहे. त्यांच्या काही चित्रांत नाटकी हावभाव जास्त आहेत हेही खरं, ते नाकारायचं कारण नाही.

छपाईची कल्पनाही मूळ माधवरावांची. रविवर्मांच्या चित्रांना मागणी एवढी आहे की ती हाताने पुरी होणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असं त्यांनी १८८४ च्या सुमारास सुचवलं होतं. रविवर्मांनी दहा वर्षांनी इथेच छापखाना काढायचं ठरवलं. मधल्या काळात शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या दहा चित्रांनी पदकं मिळवली होती. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. काम किचकट होतं. एका चित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढायचा, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे असे उमटवायचे की रेघभरही सरकता कामा नये. वरून वॉर्निश, म्हणजे तैलचित्राचा भास. पहिलं छापलं गेलं ते शकुंतलेच्या जन्माचं चित्र. मग लक्ष्मी, सरस्वती. ज्यांना देवळात शिरायची बंदी होती त्यांच्याही भिंतीवर देव येऊन बसला, आणि तो पुजाऱ्याला न विचारता.

पण धंदा म्हणून हे प्रकरण अंगावर आलं. भागीदारी टिकली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार पळाले. छापखाना घाटकोपरला आणि तिथून लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. बेळगावहून मुंबईला जाताना पुणे सोडल्यावर लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन लागतं, तेच हे. कर्ज वाढत गेलं. शेवटी छापखाना, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट, त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकावा लागला. श्लायशरने तो नफ्यात आणला. काडेपेटीपासून कॅलेंडरपर्यंत, साबणापासून बाळाच्या दुधाच्या पावडरीपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातींवर रविवर्मांच्या देवी झळकल्या. पैसा त्यांच्याकडे गेला नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केलं होतं. रविवर्मांच्या चौकटीतले देव पुढे त्यांनी पडद्यावर चालते-बोलते केले.

छापील चित्रांनी नाव घरोघर नेलं, तसंच ते जाणकारांच्या नजरेतून उतरवलंही. रविवर्मांच्या मृत्यूनंतर कलकत्त्याच्या नव्या मंडळींनी त्यांना परदेशी पद्धतीचा नकलाकार ठरवलं. यातल्या कितीजणांनी बडोद्याची मूळ चित्रं बघितली होती, असा प्रश्न पडतो. अनेक दशकं कॅलेंडरवाले म्हणूनच त्यांची हेटाळणी झाली. १९७९ मध्ये सरकारने त्यांची चित्रं राष्ट्रीय कलानिधी ठरवली, तेव्हापासून ती देशाबाहेर विकता येत नाहीत.

शेवटचं मोठं काम म्हैसूरचं. कृष्णराज वडेयर महाराजांनी नऊ पौराणिक चित्रं सांगितली. रविवर्मांना मधुमेहाने घेरलं होतं. १९०५ च्या सुरुवातीला राजराजवर्मा गेले. पंचवीस वर्षं ज्याने आकाश आणि डोंगर भरले तो हात नाहीसा झाला. तरी काम पुरं केलं. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला रविवर्मांचं निधन झालं, वय ५८.

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला म्हैसूर बडोद्यापेक्षा जवळ. राजवाडा आणि वृंदावनच्या फेरीत जगनमोहन पॅलेसमधल्या गॅलरीसाठी सकाळ राखून ठेवा. जटायूचा पंख छाटणारा रावण आणि समुद्रावर कोपलेला राम ही १९०६ ची चित्रं तिथली, आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा वादक-गायक स्त्रियांचं १८८९ चं चित्रही. सगळ्यांत जास्त गर्दी मात्र एका अंधाऱ्या खोलीत असते, हाताने दिव्याची ज्योत आडवून उभ्या असलेल्या स्त्रीच्या चित्रापुढे. रविवर्मा, रविवर्मा असं म्हणत लोक ते बघतात. ते रविवर्मांचं नव्हे. ते आपल्या सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी.