फर्डिनांड पोर्शे, बॅटरीचं वजन आणि जुन्या बीटलचा खर्च

जुन्या फोक्सवॅगन बीटलमधलं इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटरी बसवल्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, परवडतं का? तो हिशेब मी पुढे मांडणारच आहे. पण आधी ही बीटल बनवणाऱ्या माणसाबद्दल सांगतो, कारण त्याच्या करिअरची सुरुवातच मुळात इलेक्ट्रिक गाड्यांपासून झाली होती.

फर्डिनांड पोर्शेचा जन्म १८७५ चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावातला. आज हा भाग चेक प्रजासत्ताकात येतो. वडील पत्र्याचं काम करायचे आणि मुलानेही तेच करावं अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाचं डोकं मात्र विजेत. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम, संध्याकाळी टेक्निकल शाळेत क्लास, आणि घरात विजेचे दिवेसुद्धा त्यानेच लावले. अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला गेला आणि विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथून पुढे लोहनर या बग्गी बनवणाऱ्या कंपनीत.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोहनरने त्याची गाडी मांडली. पुढच्या दोन चाकांच्या आतच मोटर. गिअरबॉक्स नाही, चेन नाही, पट्टा नाही. आज 'हब मोटर' म्हणून स्कूटरमध्ये मिरवली जाते तीच ही कल्पना, सव्वाशे वर्षांपूर्वीची! पण बॅटरी होती शिशाची, एकटीचं वजन सुमारे ४१० किलो, आणि एका चार्जमध्ये गाडी जेमतेम ५० किलोमीटर जायची. एका इंग्रज गिऱ्हाईकाला चारही चाकांत मोटर हवी होती. त्या गाडीत जवळपास १८०० किलोची बॅटरी गेली. म्हणजे गाडीची बरीच ताकद स्वतःची बॅटरी वाहण्यातच जायची.

कारण साधं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. शिशाच्या एक किलो बॅटरीत आजही ०.०३ ते ०.०४ युनिट. पोर्शेने लगेच मधला मार्ग काढला. छोटी पेट्रोल इंजिनं बसवली, त्यांनी फक्त जनरेटर फिरवायचा, चाकं फिरवायची मोटरनेच. गाडीचं नाव 'सेंपर व्हिव्हस', लॅटिनमध्ये अर्थ 'सदा जिवंत'. आज आपण ज्याला सिरीज हायब्रिड म्हणतो, ते हेच. चाललं छान, पण महाग आणि किचकट. १९०६ मध्ये तो ऑस्ट्रो-डाइमलरला गेला आणि हळूहळू पेट्रोलचाच माणूस झाला.

१९३४ मध्ये त्याला नाझी सरकारकडून स्वस्त 'जनतेची गाडी' बनवायचं काम मिळालं. अट अशी की गाडी ताशी १०० किलोमीटर धावली पाहिजे, १०० किलोमीटरला ७ लिटरच्या आसपास पेट्रोल प्यायली पाहिजे आणि किंमत १००० मार्कच्या आत हवी. हीच बीटल. त्यातल्या काही कल्पना टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंकाच्या गाड्यांशी फार मिळत्याजुळत्या होत्या, आणि त्यावरून पुढे वादही झाला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षात गेला, आणि युद्धकाळात त्याच्या देखरेखीखालच्या फोक्सवॅगन कारखान्यात हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. तंत्रज्ञानाचं कौतुक करताना हे गाळून पुढे जाणं मला पटत नाही. युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला वर्षभराहून जास्त काळ कैदेत ठेवलं. १९५१ मध्ये तो स्टुटगार्टला वारला. त्याची बीटल मात्र मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत राहिली, एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर.

आता आकडे. २०१९ मध्ये फोक्सवॅगननेच ई-क्लासिक्स या कंपनीबरोबर जुनी बीटल इलेक्ट्रिक करून दाखवली. बॅटरी ३६.८ युनिटची, रेंज सुमारे २०० किलोमीटर, वजन १२८० किलो. मूळ बीटल ८०० ते ९०० किलोच्या आसपास. वजनाने पाठ सोडलेली नाही, हे लक्षात आलं ना?

म्हणजे इलेक्ट्रिक बीटलला १०० किलोमीटरला १८.४ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून २१ घेऊ. जुनी पेट्रोल बीटल आज चालवली तर १०० किलोमीटरला साधारण ९ लिटर धरा, म्हणजे लिटरला ११ चं अ‍ॅव्हरेज. या ९ लिटरमध्ये ऊर्जा असते जवळपास ८० युनिट! त्यातली बरीचशी नुसती उष्णता होऊन बाहेर जाते.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि घरची वीज १० रुपये युनिट धरली, तर १०० किलोमीटरला पेट्रोलचे ९४५ रुपये आणि विजेचे २१०. किलोमीटरमागे ७ रुपये ३५ पैसे वाचले. भारी वाटतं ना? थांबा. समजा रूपांतराला ८ लाख लागले. ते वसूल व्हायला सुमारे १ लाख ९ हजार किलोमीटर चालवावं लागेल. रविवारी फिरवायची हौसेची गाडी वर्षाला ३००० किलोमीटर चालते, म्हणजे ३६ वर्षं. रोज ४० किलोमीटर ऑफिसला नेणार असाल, वर्षाचे ३०० दिवस, तर ९ वर्षं. ऑइल, कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह सेटिंग यांचा खर्च वाचतो, त्यामुळे हे थोडं कमी होईल. पण पुढे कधीतरी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च उलट्या बाजूला.

माझं मत विचाराल तर इंजिन धडधाकट असेल आणि गाडी फक्त सुट्टीला बाहेर पडत असेल, तर पैशासाठी रूपांतर करू नका. इंजिन गेलेलंच असेल आणि गाडी रोज वापरायची असेल, तर विचार करण्यासारखं आहे. आपल्याकडे त्यासाठी किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागते आणि आरटीओत आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी त्या मंजुरीचा कागद मागून घ्या आणि त्यावर तुमच्याच गाडीचं मॉडेल लिहिलेलं आहे का ते बघा.