गगनाला भिडलेला इंजिनिअर : फझलूर रहमान खान

मित्रांनो, कॅन्टिलिव्हर बीमचे प्रॉब्लेम सोडवताना वाटतं, हे सगळं परीक्षेपुरतंच आहे. पण हाच कॅन्टिलिव्हर जमिनीत उभा रोवला की शंभर मजली इमारत होते! हे जगाला दाखवणारा माणूस आपल्याच उपखंडातला होता. त्याचं नाव फझलूर रहमान खान.

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी आजच्या बांगलादेशात झाला. वडील गणिताचे शिक्षक. इंजिनिअरिंगसाठी ते कलकत्त्याजवळच्या शिबपूरला आले, पण १९५० च्या दंगलींमुळे त्यांना ढाक्याला परतावं लागलं. उरलेलं शिक्षण तिथे पूर्ण करून १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि वर पीएच.डी.! (आपल्याला एक बॅकलॉग काढताना घाम फुटतो.) १९५५ मध्ये ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत लागले. मध्ये काही काळ कराचीत नोकरी केली आणि १९६० मध्ये पुन्हा शिकागो गाठलं.

उंच इमारतीत स्वतःच्या वजनापेक्षा वारा जास्त छळतो. उंची दुप्पट झाली की वाऱ्यामुळे पायथ्याशी येणारा मोमेंट चौपटीच्याही पुढे जातो. जुन्या पद्धतीत आतमध्ये कॉलम-बीमची जाळी वाढवत न्यायची, म्हणजे स्टीलचा खर्चही वाढणार. खान यांनी कॉलम बाहेरच्या भिंतीत जवळजवळ आणून बीमने घट्ट बांधले. सगळी इमारत म्हणजे एक पोकळ नळी! मटेरियल मध्यापासून जितकं लांब, तितका मोमेंट ऑफ इनर्शिया जास्त. हे आपण सेकंड इयरला शिकतोच की.

शिकागोचं १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर १९६९ मध्ये पूर्ण झालं. बाहेरून दिसणाऱ्या मोठमोठ्या फुल्या, म्हणजे कर्णरेषेतले ब्रेसिंग, हीच त्याची ताकद. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो स्टील लागलं होतं, इथे सुमारे १४५ किलोत भागलं.

पण हे सहज झालं नाही. इमारत वर चढत असतानाच पायातल्या एका केसनच्या काँक्रीटमध्ये दोष सापडला. काम कित्येक महिने थांबवून बाकीचे केसन तपासावे लागले. दुसरा प्रश्न वेगळाच होता. इमारत पडणार नाही हे गणिताने सिद्ध होतं, पण ती डोलताना वरच्या मजल्यावरच्या माणसाला गरगरलं तर? त्याचं उत्तर कुठल्या कोडमध्ये नव्हतं. मग खान यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातल्या वॉशिंग मशीनसारख्या फिरत्या तबकडीवर माणसं बसवून ते तपासलं!

पुढे नऊ नळ्यांची मोळी बांधून त्यांनी ११० मजली, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर उभा केला. १९७० च्या दशकापासून १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच इमारत तीच होती. २००९ पासून तिला विलिस टॉवर म्हणतात. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात याच माणसाने अमेरिकेतल्या बंगाली लोकांना एकत्र करून मायदेशासाठी मदत उभी केली.

२७ मार्च १९८२ रोजी जेद्दाह येथे हृदयविकाराने ते गेले. वय अवघं ५२.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव इमारतीच्या पाटीवर सहसा नसतं. लोक आर्किटेक्टचं कौतुक करतात, मालकाचं नाव घेतात. पण रात्री वारा सुटला तरी ९० व्या मजल्यावरचं कुटुंब निवांत झोपतं ना, ती त्याची पावती. तेव्हा दोस्तहो, यापुढे सॉफ्टवेअरने उत्तर दिलं की लगेच प्रिंट मारू नका. त्या मजल्यावर राहणारा माणूस एकदा डोळ्यांसमोर आणा.