हृदयाच्या ठोक्यांचे गणित

पाण्याचा पेला उचलायला हात पुढे होतो, तेव्हा डोळे आणि स्नायू मेंदूला सतत खबर देत असतात. त्या खबरेनुसार हाताची दिशा दुरुस्त होत राहते. लहान मेंदूला इजा झाली, की ही दुरुस्ती बिघडते. हात पेल्याच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि पाणी सांडते.

या कंपाचे कोडे एका गणितज्ञाला विमानवेधी तोफांमुळे उलगडू लागले. नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म १८९४ मध्ये अमेरिकेत झाला. अठराव्या वर्षी त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि १९१९ पासून ते एमआयटीत शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात विमान पुढच्या क्षणी कुठे असेल, याचे गणित ते मांडत होते. स्वतःची चूक सुधारणारे यंत्र प्रमाणाबाहेर दुरुस्ती करू लागले, तर हेलकावे खाते. माणसाचेही असे होते का, हे त्यांनी मित्राला विचारले. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी त्यांना लहान मेंदूच्या रुग्णांचा हा कंप सांगितला.

१९४४ मध्ये रोझेनब्लूथ मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत गेले. तरीही जोडी तुटली नाही. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने एमआयटी आणि ही संस्था यांच्यात ये-जा सुरू झाली. वीनर मेक्सिकोत जाऊन राहत, रोझेनब्लूथ एमआयटीत येत.

१९४६ मध्ये दोघांनी हृदयाच्या स्नायूंचे गणित प्रसिद्ध केले. प्रत्येक पेशी विश्रांतीत असते, उत्तेजित असते किंवा उत्तेजनेनंतर काही क्षण थकलेली असते. संदेशाची लहर एखाद्या अडथळ्याभोवती फिरून परत येईपर्यंत पेशींचा थकवा गेलेला असेल, तर ती लहर तिथेच गरगरत राहते. अशाने एकेक पेशी ठीक असूनही हृदयाची लय बिघडू शकते. आज काही रुग्णांत कॅथेटरने हाच गोल रस्ता तोडून ठोके पूर्ववत केले जातात.

१९४८ मध्ये वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. ते त्यांनी रोझेनब्लूथ यांना अर्पण केले. १९६४ मध्ये स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. सुटे अवयव पाहण्याऐवजी त्यांच्यातील देवाणघेवाण मोजणाऱ्या शाखेला आज सिस्टिम्स बायोलॉजी म्हणतात. तिच्या प्रयोगशाळांत डॉक्टर आणि गणितज्ञ एका टेबलाशी बसतात. या दोघा मित्रांनी ती सवय फार आधी लावून घेतली होती.