शेरलॉकचा बाप बर्फावर

मनालीची ट्रिप ठरली की ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. सोलांगला स्कीइंगला वेळ किती द्यायचा? एक म्हणतो, तासाभरात फोटो काढू आणि गरमागरम मॅगी खाऊ. दुसरा म्हणतो, पैसे भरलेत ना, मग अख्खा दिवस वसूल! तुमचाही असाच वाद चालू असेल तर थांबा. या प्रश्नाशी पूर्ण एक हिवाळा झुंजलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते. त्याचं नाव तुम्हाला पाठ आहे, पण बर्फावर तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नसणार. सर आर्थर कॉनन डॉयल. हो, तोच. शेरलॉक होम्सचा बाप.

डॉयलचा जन्म १८५९चा, एडिंबराचा. वडील चित्रं काढायचे आणि दारू प्यायचे. दारूने हळूहळू चित्रांवर मात केली. घर सावरलं ते आईने. मुलगा मेडिकलला गेला. तिथे डॉ. जोसेफ बेल हे सर भेटले. रुग्ण दारातून आत येईपर्यंत त्याचा धंदा आणि गाव ओळखणारे हे सरच पुढे होम्स झाले, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पण १८८० साली, डिग्री हातात पडायच्या आधीच, हा पोरगा ‘होप’ नावाच्या व्हेल पकडणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून थेट आर्क्टिकला गेला, हे फार जणांना माहीत नसतं. तिथे तो बर्फावरून घसरून इतक्या वेळा समुद्रात पडला की कॅप्टनने त्याला पाण्यात बुडी मारणाऱ्या एका उत्तरेकडच्या पक्ष्याचं नावच ठेवलं. पडायचं, उठायचं, परत त्याच बर्फावर जायचं. ही सवय त्याला तिथे लागली असावी, असं मला वाटतं.

पुढे साउथसीला दवाखाना टाकला. पेशंट कमी, रिकामा वेळ जास्त. त्या वेळात होम्सची पहिली कादंबरी लिहून झाली आणि ती छापण्याचे सगळे हक्क त्याने २५ पौंडांत विकून टाकले! याच काळात पोर्ट्समथच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर होता. नंतर एमसीसीकडून फर्स्ट क्लास क्रिकेटही खेळला आणि तिथे चक्क डब्ल्यू. जी. ग्रेसची विकेट काढली. एका जागी स्वस्थ बसणं या माणसाला जमायचंच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नियतीने त्याला नेमकं तेच करायला लावलं.

१८८५ साली त्याचं लुईझाशी लग्न झालं. १८९३च्या शरद ऋतूत तिला क्षय असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी मुदत दिली ती काही महिन्यांची. आता गंमत बघा, गंमत कसली, क्रूरपणाच. तीनच वर्षांपूर्वी, १८९० साली, हाच डॉयल बर्लिनला धावला होता. रॉबर्ट कॉखने क्षयावर औषध शोधलंय अशी बातमी होती आणि सगळं युरोप वेडं झालं होतं. डॉयलला व्याख्यानाच्या हॉलमध्ये प्रवेशही मिळाला नाही. एका अमेरिकन डॉक्टरच्या नोट्स वाचून, रुग्ण बघून त्याने मत बनवलं की रोग ओळखायला हे उपयोगी पडेल, पण रोग बरा होतो हे काही सिद्ध झालेलं नाही. तो बरोबर होता. म्हणजे बायकोचं निदान कळलं तेव्हा, यावर औषध नाही हे इंग्लंडमध्ये ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांत तिचा नवराही होता.

मग उरलं काय? हवापालट. आपल्याकडे पाचगणीला जायचे तसं युरोपातले क्षयाचे रुग्ण दावोसला जायचे. स्वित्झर्लंडमधलं हे गाव सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे. आज आपण त्याचं नाव दर जानेवारीत बड्या लोकांच्या परिषदेच्या बातमीत वाचतो. तेव्हा ते खोकणाऱ्या माणसांचं गाव होतं. स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’ तिथेच पूर्ण केली, तीही छातीच्या दुखण्यापायीच. उपचार म्हणजे काय, तर कोरड्या थंड हवेत, कांबळी गुंडाळून, गॅलरीत तासन् तास पडून राहायचं. लुईझा पडून राहिली. आणि तिच्या शेजारी चौतीस वर्षांचा, आडवातिडवा, ठणठणीत नवरा.

त्यात लंडनमध्ये वेगळाच गोंधळ. डिसेंबर १८९३मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात होम्स धबधब्यात पडून मेला. गोष्ट आधीच लिहून दिलेली, छापून आली तेव्हा. चिडलेल्या हजारो वाचकांनी मासिकच बंद केलं. सगळ्या जगाला होम्सची पडली होती. डॉयलसमोर खरं मरण बसलं होतं.

अशा वेळी त्याने नॉर्वेहून स्की मागवल्या. इथे एक गोष्ट साफ करू. डॉयलने स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंग आणलं अशा पोस्ट फिरत असतात, ते खरं नाही. ग्लारसमध्ये १८९३ सालीच स्की क्लब निघाला होता. आणि दावोसमध्ये टोबियास आणि योहानेस हे ब्रांगर बंधू त्याच्या आधीपासून घसरत होते. गावकरी हसतात म्हणून बिचारे अंधार पडल्यावर सराव करायचे म्हणे! डॉयलने केलं ते वेगळंच. त्याने या दोघांना गाठलं आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर पडायला सुरुवात केली.

स्की म्हणजे काय, तर आठ फूट लांब आणि चार इंच रुंद लाकडी फळ्या, पुढे वर वळलेल्या, मधोमध चामड्याचे पट्टे. आजच्यासारखे टाच पकडून ठेवणारे बूट नाहीत. मुख्य म्हणजे लिफ्ट नाही. दावोसला बर्फावर ओढून नेणारी पहिली लिफ्ट आली १९३४मध्ये. डॉयलच्या काळात हिशेब सरळ होता. उतरायची दहा मिनिटं हवीत तर आधी तास-दीड तास चढायचं. त्यामुळे डॉयलच्या वेळी दिवसभर स्कीइंग म्हणजे बहुतेक दिवसभर चढणंच. किती वेळ घसरायचं हा प्रश्न पाय आणि फुप्फुसं परस्पर सोडवून टाकत.

त्या मार्चमध्ये ब्रांगर बंधूंबरोबर तो याकोब्सहॉर्नवर चढून आला. मग तिघांनी बेत केला मायेनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून पलीकडच्या अरोसाला जायचा. ब्रांगर बंधू आदल्या वर्षी हे करून आले होते. अरोसाला तेव्हा रेल्वे नव्हती आणि हिवाळ्यात रस्त्याने जायचं तर खाली उतरून, लांब वळसा घालून, परत चढायचं. खिंड साधारण २,४४० मीटर. म्हणजे तुमचं सोलांग जेवढ्या उंचीवर आहे, जवळपास तेवढीच.

आता तुमच्या वादाच्या मुद्द्यावर येऊ. २३ मार्च १८९४ला हे तिघे निघाले कधी? पहाटे साडेचारच्या सुमारास. हौस म्हणून नव्हे. वसंताच्या तोंडावर डोंगरातला बर्फ रात्री गोठून टणक होतो, सकाळी वरचा थर जरासा सैल पडतो आणि दुपारनंतर ऊन लागलं की भिजून जड होतो. जड बर्फात स्की रुतते आणि तीव्र उतारावर तो अख्खा थरच सुटून खाली येऊ शकतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. म्हणून डोंगरात वेळ मोजताना किती तास यापेक्षा कुठले तास हे आधी बघायचं. दुपारी दोनला उठून, पराठे चापून उतारावर जाणाऱ्या मंडळींनी हे वाक्य ग्रुपवर पिन करावं.

चढताना ते नागमोडी गेले. एके ठिकाणी उतार इतका उभा होता की घसरलं तर खाली थेट कडा. खिंड ओलांडल्यावर मात्र मजा होती. पुढे एका तीव्र उतारावर ब्रांगर बंधूंनी आपल्या स्की एकत्र बांधल्या आणि त्यांवर बसून घसरगाडी केली. डॉयलने तसंच करायला आपल्या स्की काढल्या, तर त्या त्याला सोडूनच खाली निघून गेल्या! मग साहेब बसून, पँटवर घसरत खाली आले. टिकाऊ म्हणून मिरवणाऱ्या ट्वीडच्या कापडाचं त्या दिवशी जे झालं, त्यावर त्याने पुढे स्वतःचीच भरपूर टर उडवली आहे.

साडेअकराला तिघे अरोसात. जेमतेम सात तास, आणि बर्फ बिघडायच्या आत काम फत्ते. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नावं लिहायची वेळ आली तेव्हा टोबियासने डॉयलच्या नावापुढे व्यवसाय लिहिला: खेळाडू. स्पेलिंग चुकवून. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लेखकांपैकी एक, आणि डिग्रीवाला डॉक्टर. पण तो यावर जाम खूश झाला.

त्याच डिसेंबरात त्याने या सफरीवर ‘स्ट्रँड’मध्ये लेख लिहिला. एक दिवस शेकडो इंग्रज मार्च-एप्रिलमध्ये खास स्कीइंगसाठी स्वित्झर्लंडला येतील असं भाकीत त्यात केलं. आकडा अगदीच कमी धरला बिचाऱ्याने!

तुम्ही विचाराल, बायको गॅलरीत पडलेली आणि हा डोंगरावर? मलाही हा प्रश्न पडला. पण ती दावोसला होती तेव्हा तो रोज लिहीतही होता. ब्रिगेडियर जेरारच्या गोष्टी तिथेच सुरू झाल्या. पुढचा हिवाळाही तिच्यासाठी दावोसला गेला, त्यानंतरचा इजिप्तमध्ये. मग हवा चांगली म्हणून इंग्लंडमधल्या हाइंडहेडला घर बांधलं. काही महिन्यांची मुदत मिळालेली लुईझा १९०६पर्यंत जगली. त्यातली शेवटची नऊ वर्षं तो जीन लेकी नावाच्या मुलीच्या प्रेमात होता आणि १९०७ला त्याने तिच्याशी लग्न केलं, हेही खरं. यातलं एकच सांगून दुसरं लपवणारी चरित्रं मला आवडत नाहीत.

लुईझा गेल्यावर खचलेल्या डॉयलला उभं केलं एका केसने. जॉर्ज एडलजी हा तरुण वकील जनावरांवर वार केल्याच्या आरोपाखाली तीन वर्षं तुरुंगात होता. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, इंग्लंडात पाद्री झालेले. डॉयल त्याला भेटायला गेला तर हा पेपर डोळ्यांना चिकटवून वाचत बसलेला. एवढी अधू नजर असलेला माणूस रात्रीच्या अंधारात शेतं तुडवत जाऊन वार कसे करेल? डॉयलने पेपरांतून धुरळा उडवला आणि १९०७मध्ये एडलजीला त्या गुन्ह्यात माफी मिळाली.

पहिल्या महायुद्धात सोममध्ये जखमी झालेला लुईझाचा मुलगा किंग्जली १९१८मध्ये गेला. उरलेली वर्षं डॉयल मृतात्म्यांशी बोलता येतं हे लोकांना पटवत फिरला. होम्सने त्याला दारातही उभं केलं नसतं, पण असो. ७ जुलै १९३० रोजी तो वारला. त्याच्या थडग्यावर देशभक्त, डॉक्टर आणि साहित्यिक असं लिहिलंय. अरोसाच्या रजिस्टरमधला व्यवसाय तेवढा तिथे नाही.